एका युनिटाचे वजन

भारतात 2010 साली सौर विजेचे पहिले मोठे लिलाव झाले, तेव्हा सर्वांत कमी बोलीसुद्धा युनिटमागे दहा रुपयांच्या वर होती. 2017 मध्ये राजस्थानातल्या भडला येथे ती 2 रुपये 44 पैशांवर आली आणि 2020 च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात 1 रुपया 99 पैशांवर. दहा वर्षांत ही वीज पाचपट स्वस्त झाली. 2025 च्या सुरुवातीला देशाची सौर क्षमता 100 गिगावॉटच्या पुढे गेली. पर्यायी ऊर्जा परवडेल का, पुरेल का, हे प्रश्न आपण अजून सवयीने विचारतो. दुपारपुरते तरी त्यांचे उत्तर मिळालेले आहे. दुपारी एक वाजता वीज स्वस्तही आहे आणि मुबलकही. अडचण सुरू होते ती संध्याकाळी सात वाजता.

या लेखात एकच विचार उलगडून पाहायचा आहे. यापुढे ऊर्जेचा मुख्य प्रश्न तिच्या उगमाचा राहणार नाही, तिच्या साठवणीचा राहील. आज जगभर ज्या नव्या ऊर्जातंत्रांची चर्चा होते, त्यांतली बहुतेक वीज निर्माण करत नाहीत. ती वीज एका वेळेकडून दुसऱ्या वेळेकडे नेतात. हे एकदा ध्यानात आले की नव्या शोधांच्या गर्दीत कशाकडे कसे पाहायचे, याची एक रीत सापडते.

सुरुवात विजेच्या स्वभावापासून करू. वीज तारेत साठून राहत नाही. आपण घरात पंखा लावतो, त्या क्षणी कुठले तरी जनित्र तेवढे अधिक काम करू लागते. देशभरातली निर्मिती आणि देशभरातला वापर यांचा मेळ दर क्षणाला बसावा लागतो. तो बसला आहे की नाही, हे जाळ्याच्या वारंवारितेवरून कळते. आपल्याकडे ती सेकंदाला 50 आवर्तने ठरलेली आहे आणि 49.90 ते 50.05 एवढ्याच पट्ट्यात ती ठेवायची असते. मागणी वाढली आणि निर्मिती मागे राहिली, तर सगळी जनित्रे किंचित मंदावतात आणि आकडा खाली सरकतो. ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रात बसलेली माणसे रात्रंदिवस हा मेळ सांभाळतात. कोणत्या केंद्राने भार उचलायचा, कोणी उतरवायचा, याचे आदेश तिथून जातात.

इतकी वर्षे हा मेळ बसत आला, कारण मागणी वाढली की निर्मिती वाढवणे आपल्या हातात होते. चंद्रपूर, कोराडी, परळी येथील केंद्रांत कोळसा जास्त घातला की वाफ जास्त होते. सूर्याला असा आदेश देता येत नाही. मग प्रश्न पडतो, की कोळशाजवळ असे काय होते जे सूर्याजवळ नाही?

वर्धा खोऱ्यातला कोळसा गोंडवन काळातला, म्हणजे साधारण 25 ते 30 कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलांचा. त्या झाडांनी जे ऊन पिऊन घेतले, तेच दगडाच्या रूपाने आपल्या हाती आले. म्हणजे कोळशाची ऊर्जाही मुळात सूर्याचीच. फरक एवढाच, की ती साठवलेली आहे. सुगी वर्षातून एकदा येते आणि भूक रोज लागते. मधले अंतर कणगी भरून काढते. कोळशाच्या रूपाने आपल्याला आयती भरलेली कणगी मिळाली. ती भरायला किती काळ लागला आणि किती कष्ट पडले, याचा हिशेब आपण कधी मांडला नाही, कारण ते कष्ट आपले नव्हते. कोळशाचा दर ठरवताना खाणीचा, रेल्वेचा, मजुरीचा खर्च धरला गेला. साठवणीचा खर्च शून्य धरला गेला.

म्हणून कोळसा सोडणे याचा अर्थ केवळ एक इंधन सोडणे असा होत नाही. कोळशात दोन गोष्टी एकत्र होत्या, ऊर्जा आणि तिची साठवण. सौर पत्र्याने आणि पवनचक्कीने पहिली गोष्ट दिली. दुसरी आपल्याला स्वतः घडवायची आहे. ती किती अवघड आहे हे समजण्यासाठी एक सोपा मापदंड घेऊ. एक युनिट वीज, म्हणजे एक किलोवॉट-तास, साठवून ठेवायची असेल तर किती वजनाची वस्तू सांभाळावी लागते? कोळशाचे उत्तर आहे सुमारे सातशे ग्रॅम. भारतीय कोळशाच्या औष्णिक केंद्रात एका युनिटला साधारण तेवढा कोळसा लागतो. त्याच्या उष्णतेचा दोन तृतीयांश भाग वाया जाऊनसुद्धा सातशे ग्रॅम पुरतो. एवढी घट्ट, एवढी टिकाऊ आणि उघड्यावर ढीग घालून ठेवता येईल अशी साठवण माणसाला दुसरी मिळालेली नाही. तिच्याशी बरोबरी करायची, तर कशाकशाशी गाठ आहे ते एकेक करून पाहू.

सर्वांत जुने उत्तर पाण्याचे आहे आणि ते महाराष्ट्राला चांगले परिचित आहे. एक हजार लिटर पाणी चारशे मीटर उंचावरून खाली आणले, तर त्यातून साधारण एक युनिट वीज मिळते. कोळशाच्या सातशे ग्रॅमच्या जागी इथे एक टन पाणी आणि त्याच्या खाली चारशे मीटरचा कडा लागतो. सह्याद्रीत कडे आहेत आणि पाणीही आहे. 1915 मध्ये खोपोलीचे वीज केंद्र सुरू झाले, मग 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा. घाटमाथ्यावर चार महिन्यांत कोसळणारा पाऊस तलावांत अडवायचा आणि उरलेले आठ महिने तो थोडा थोडा कोकणात सोडून मुंबईच्या गिरण्या चालवायच्या, अशी ती योजना होती. कोयनेने हेच पुढे मोठ्या प्रमाणावर केले. तिची 1,960 मेगावॉटची यंत्रणा राज्याला आजही मुख्यतः मागणीच्या ऐन वेळी उपयोगी पडते, कारण पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला 67.5 टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातलेली आहे. मोजून मिळणारे पाणी मोजक्याच तासांना वापरायचे असते.

खोपोली आणि कोयना ही पावसाची साठवण. पावसाने एकदा भरायचे आणि आपण वापरायचे. विजेची साठवण करायची तर उलटही जाता आले पाहिजे. खालचे पाणी पुन्हा वर चढवता आले पाहिजे. हे काम घाटघर करते. अकोले तालुक्यात घाटघरला वरचे धरण आहे आणि कड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे खालचे. मध्ये सुमारे चारशे मीटरची उतरण. डोंगराच्या पोटात 125 मेगावॉटचे दोन संच आहेत. पाणी खाली येताना ते वीज तयार करतात आणि उलटे फिरवले की तेच पंप होतात. सरकारी भाषेत याला उदंचन जलविद्युत प्रकल्प म्हणतात. घाटघर 2008 मध्ये सुरू झाला. दोन्ही संच सहा तास चालवले तर 15 लाख युनिट होतात. आपल्या हिशेबाने त्याला साधारण 15 लाख घनमीटर पाणी लागते, आणि तेच पाणी वर-खाली फिरत राहते. कोयनेच्या साठ्याचा तो हजारावा भागही नाही. उंची भरपूर असली की तळे लहान चालते, हे या पद्धतीचे मोठे बळ.

यात घट होते. पाणी चढवायला शंभर युनिट खर्च केले तर परत पंचाहत्तर ते ऐंशी मिळतात. ही घट ऐकून अनेकांना वाटते की हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. पण जी वीज दुपारी कुणाला नको आहे तिचे शंभर युनिट देऊन, जी संध्याकाळी सर्वांना हवी आहे तिचे पंचाहत्तर घेणे, हा व्यवहार फायद्याचा आहे. घाटघर बांधले तेव्हा पाणी रात्री चढवायचे असे गणित होते, कारण रात्री मागणी उतरली तरी कोळशाची केंद्रे पूर्ण थांबवता येत नसत आणि त्यांची वीज उरत असे. आता उरलेली वीज दुपारची आहे. यंत्र तेच आहे, त्याला पाणी चढवून देणारा बदलला आहे.

म्हणूनच सह्याद्रीच्या कड्यांकडे पुन्हा सर्वांचे लक्ष गेले आहे. राज्याने उदंचन प्रकल्पांसाठी अनेक कंपन्यांशी करार केले आहेत. टाटा पॉवरशी 2023 मध्ये झालेला शिरवटा आणि भिवपुरी मिळून 2,800 मेगावॉटचा करार त्यांतलाच. इथे एक आठवण ठेवायला हवी. भिऱ्याला पाणी देणारे मुळशीचे धरण बांधले गेले तेव्हा, 1921 मध्ये, मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्याचे पुढारी झाले. मुंबईच्या उजेडासाठी ज्यांची भातखाचरे पाण्याखाली गेली, त्यांच्या घरी तो उजेड कितीतरी उशिरा पोहोचला. साठवणीला जागा लागते, आणि जागा कुणाची तरी असते. पश्चिम घाटाला 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आहे. नवी तळी मुळशीच्या मानाने लहान असतील, नदीच्या मुख्य पात्राबाहेरही असतील. तरी रस्ते, बोगदे, मुरुमाचे ढीग आणि वीजवाहिन्यांसाठी तोडलेले पट्टे त्यांच्याबरोबर येणारच. कुठल्या कड्यावर हे व्हावे आणि कुठल्यावर होऊ नये, हे त्या कड्याखाली राहणाऱ्यांना विचारून ठरले, तरच ही ऊर्जा स्वच्छ म्हणता येईल.

दुसरे उत्तर बॅटरीचे. आजच्या लोह-फॉस्फेट प्रकारच्या लिथियम बॅटरीत एक युनिट ठेवायला सहा-सात किलो वजनाचे विद्युतघट लागतात. टनावरून आपण किलोंवर आलो, आणि कड्याचीही गरज उरली नाही. या बॅटरीची कथा 1970 च्या दशकातल्या तेलटंचाईपासून सुरू होते. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी तेव्हा एक्सॉन या तेल कंपनीत लिथियमचे अणू पदार्थाच्या थरांत शिरवण्याचा आणि बाहेर काढण्याचा मार्ग शोधला. जॉन गुडइनफ यांनी 1980 मध्ये ऑक्सफर्डला कोबाल्ट ऑक्साइड वापरून तिचे बळ वाढवले. अकिरा योशिनो यांनी 1985 मध्ये जपानात कार्बनचे दुसरे टोक जोडून ती सुरक्षित केली. 1991 मध्ये सोनीने ती बाजारात आणली. तिघांना 2019 मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले तेव्हा गुडइनफ 97 वर्षांचे होते. मूळ कल्पनेपासून त्या क्षणापर्यंत जवळजवळ अर्धशतक गेले. नव्या तंत्रांविषयी उतावीळ होताना हा कालावधी ध्यानात ठेवावा.

एकदा कारखाने उभे राहिल्यावर मात्र किमतीची उतरण वेगाने झाली. एक युनिट साठवणाऱ्या बॅटरीसंचाची किंमत 2010 च्या सुमारास हजार डॉलरांच्या वर होती. 2024 मध्ये जगाची सरासरी 115 डॉलर झाली. 2016 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाचे अख्खे राज्य अंधारात गेले होते. पुढच्याच वर्षी तिथे हॉर्न्सडेलला 100 मेगावॉटची बॅटरी बसली, आणि जाळ्याची वारंवारिता ढळली की सेकंदाच्या आत ती सावरते हे जगाला दिसले. कोळशाच्या केंद्राला भार वाढवायला वेळ लागतो. बॅटरीला तो लागत नाही. क्षणाचा तोल सांभाळणे आणि दुपारची वीज चार-पाच तास पुढे नेणे, ही दोन कामे तिच्याइतकी चांगली सध्या कुणी करत नाही.

तिची अडचण कच्च्या मालाची आहे. लिथियम पृथ्वीच्या कवचात विरळ आहे आणि त्याचे साठे काही देशांत एकवटले आहेत. म्हणून शास्त्रज्ञ त्याच्या शेजारच्या मूलद्रव्याकडे, सोडियमकडे वळले. सोडियम कवचात लिथियमच्या हजारपटीहून अधिक आहे. मिठात तेच आहे. लिथियमच्या बॅटरीत एका टोकाला तांब्याचा पत्रा लागतो, सोडियमला दोन्ही टोकांना स्वस्त ॲल्युमिनियम चालते. पण त्याचा अणू मोठा आणि जड आहे. ग्रॅफाइटच्या थरांत तो नीट बसत नाही, त्याला वेगळ्या धाटणीचा, अस्ताव्यस्त थरांचा कडक कार्बन लागतो. तो शेतीच्या काडीकचऱ्यापासूनही करता येतो. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने तिथल्याच आयसर संस्थेबरोबर विकसित केलेले सोडियम बॅटरीचे तंत्र 2023 च्या डिसेंबरात जाहीर केले. सोडियमची बॅटरी तेवढ्याच ऊर्जेसाठी लिथियमपेक्षा जड होते. गाडीत हा दोष ठरतो. उपकेंद्राच्या आवारात एका जागी बसून राहणाऱ्या बॅटरीला वजनाचे काही सोयरसुतक नसते.

इथे आपल्या मापदंडाची मर्यादाही कळते. वजन महत्त्वाचे असते ते ज्याला हलायचे आहे त्याच्यासाठी. जे स्थिर आहे, त्याच्याबाबत विचारायचे ते असे की वस्तू किती स्वस्त, किती टिकाऊ, आणि ऊर्जा कोणत्या रूपात परत हवी आहे. या तिसऱ्या प्रश्नापाशी थोडे थांबू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे.

आपण वीज वापरतो असे म्हणतो. पण विजेसाठी वीज फार थोड्या ठिकाणी लागते. दिव्याला लागते, संगणकाला लागते, यंत्राच्या मोटारीला लागते. इतरत्र आपल्याला हवे असते गरम पाणी, थंड दूध, भिजलेले शेत, कारखान्यातली वाफ. वीज तिथे फक्त वाहक असते. मग साठवायची ती वीजच कशाला? जे शेवटी हवे आहे तेच आधी करून ठेवले तर?

पुण्यातल्या गच्च्यांवरचे सौर बंब पाहा. पाणी चाळीस अंशांनी तापवले, तर एकवीस-बावीस लिटरांत एक युनिट उष्णता मावते. दोनशे लिटरच्या बंबात साधारण नऊ युनिट बसतात. नऊ युनिटांची बॅटरी घरी बसवायची तर आजही लाखाच्या घरातला खर्च येईल. सकाळच्या अंघोळीसाठी लोखंडी टाकी आणि तिच्याभोवती उष्णता अडवणारे आवरण पुरते. ही साठवण कित्येक वर्षे आपल्या डोक्यावर उभी आहे, आणि ऊर्जेच्या साठवणीच्या चर्चेत तिचे नावही निघत नाही.

हीच कल्पना फिनलंडने वाळूत नेली. तिथल्या कान्कान्पा या गावी 2022 मध्ये पोलर नाइट एनर्जी या कंपनीने पोलादी पिंपात शंभर टन वाळू भरली. वीज स्वस्त असते तेव्हा ती पाचशे-सहाशे अंशांपर्यंत तापवायची आणि हिवाळ्यात तिच्या उष्णतेने घरांत जाणारे पाणी गरम करायचे. तिची क्षमता आठ मेगावॉट-तास, म्हणजे आठ हजार युनिट. एका युनिटाला साडेबारा किलो वाळू. 2025 मध्ये पोर्नाइनेन येथे दोन हजार टन कुटलेल्या शंखजिऱ्याच्या दगडाची, शंभर मेगावॉट-तासांची मोठी प्रत उभी राहिली. या वाळूतून पुन्हा वीज काढायची तर मोठी घट सोसावी लागेल. तिथे तसे करायचेच नाही. उष्णता हवी होती आणि उष्णताच ठेवली. तापलेल्या दगडाचे हे शास्त्र तसे नवे नाही. पोलाद उद्योगात एडवर्ड कूपर यांनी 1857 मध्येच विटा तापवून त्यांतली उष्णता झोतभट्टीच्या हवेला देण्याची रीत घालून दिली होती. नवे आहे ते विटा तापवणारे ऊन. इचलकरंजीच्या कापड प्रक्रियेत, दूध संघांच्या बॉयलरमध्ये, औषध कारखान्यांत जी वाफ दिवसरात्र लागते, ती आज कोळसा, लाकूड आणि तेल जाळून होते. दुपारच्या विजेने तापवलेल्या दगडांना तिथे मोठे काम आहे.

उष्णतेसारखीच थंडीही ठेवता येते. अकरा किलो बर्फ वितळताना एक युनिट उष्णता शोषतो. आणि थंडी करणारे यंत्र एका युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता बाहेर काढते. म्हणजे शून्य अंशाला आलेले तेहतीस किलो पाणी एका युनिटात गोठते. गावच्या दूध संकलन केंद्राने दुपारी बर्फ करून ठेवला, तर संध्याकाळचे दूध त्यावर थंड होईल. नाशिकच्या द्राक्षांच्या शीतगृहाने दुपारी थोडा जास्त गारवा साठवला, तर संध्याकाळचे काही तास यंत्र थांबवता येईल. मोठ्या शहरांतल्या इमारतींनाही हे लागू आहे. त्यासाठी नवा शोध लागायची वाट पाहावी लागत नाही.

महाराष्ट्रासाठी या विचाराचे सर्वांत मोठे रूप शेतात आहे. आपल्याकडे कृषिपंपांना पाळीने वीज मिळत आली, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की शेतकरी विजेरी हातात घेऊन उसात शिरतो. साप असतो, जुन्नरसारख्या भागात बिबट्या असतो, कडाक्याची थंडी असते. हे सोसावे लागले कारण दिवसा वीज कमी पडत असे. आता दिवसा वीज उरते आहे. 2017 पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना या जागी नेमके बोट ठेवते. उपकेंद्राजवळ सौर पत्रे उभे करायचे आणि शेतीचे फीडर त्यांच्यावर दिवसा चालवायचे. राळेगणसिद्धी हे तिच्या सुरुवातीच्या गावांपैकी एक. 2023 पासून योजनेचा दुसरा, मोठा टप्पा चालू आहे.

यात साठवण कुठे आहे? ती जमिनीत आहे. पिकाला पाणी कुठल्या वाजता आले याच्याशी घेणे नसते. मातीत ओल चार-आठ दिवस टिकते. मागणीच उचलून दुपारी नेली की तेवढ्या विजेसाठी बॅटरी लागत नाही, कडा लागत नाही, घटही होत नाही. काम हलवणे ही सर्वांत स्वस्त साठवण आहे. शेतकऱ्याला त्यात रात्रीची झोपही मिळते. एक पथ्य मात्र पाळावे लागेल. फुकटचे ऊन मिळाले म्हणून दिवसभर पंप चालू राहिला, तर विजेची साठवण होता होता भूजलाची साठवण संपून जाईल. ठिबक, पीकपद्धती आणि विहिरीच्या पातळीवर नजर, हे सौर पंपाच्या जोडीला आलेच पाहिजे.

आता उरतो तो सर्वांत अवघड भाग, लांब पल्ल्याचा. संध्याकाळ बॅटरीने निभावते. ढगाळ आठवडा आला तर? आपल्याकडे निसर्गच काही मदत करतो. पावसाळ्यात ऊन कमी होते तेव्हा वारा वाढतो. साताऱ्यातल्या वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या तेव्हाच सर्वाधिक फिरतात. तरीही काही दिवस असे येतील की ऊनही नाही आणि वाराही नाही. अशा वेळेसाठी बॅटरीत महागडे लिथियम अडकवून ठेवणे परवडत नाही, कारण ती वर्षातून मोजक्या वेळा वापरली जाईल. तिथे पदार्थ अतिशय स्वस्तच हवा.

अमेरिकेतली फॉर्म एनर्जी ही कंपनी त्यासाठी लोखंड घेते. लोखंड हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजते तेव्हा ऊर्जा बाहेर पडते. वीज देऊन तो गंज पुन्हा लोखंडात बदलता येतो. या बॅटरीतून सलग शंभर तास वीज काढता यावी असे तिचे उद्दिष्ट आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या वीर्टन येथे, जिथे पूर्वी पोलादाचा कारखाना होता, त्याच जागी तिचे उत्पादन होते. घातलेल्या विजेतली निम्मी किंवा त्याहून कमी परत मिळते, म्हणून ती रोज वापरण्याजोगी नाही. वर्षातल्या वाईट आठवड्यासाठी एवढी घट सोसता येते.

हायड्रोजनचेही असेच. विजेने पाणी फोडून हायड्रोजन करायचा आणि त्याची पुन्हा वीज करायची, तर शंभरातले तीस-चाळीस युनिट हाती लागतात. त्याची खरी जागा वेगळी आहे. थळच्या खत कारखान्यात आज नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून अमोनिया करतात. स्वीडनमध्ये कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोहखनिजातून केलेले पोलाद 2021 मध्ये पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती गेले. जिथे हायड्रोजन हायड्रोजन म्हणूनच लागतो, तिथे दुपारची वीज अशी वळवणे शहाणपणाचे आहे. खत हीसुद्धा मग उन्हाची साठवणच झाली, पोत्यात भरता येणारी.

एवढे सगळे पाहिल्यावर कोळशाच्या सातशे ग्रॅमची जागा एकटी कुठलीच वस्तू घेत नाही, हे स्पष्ट होते. क्षणासाठी बॅटरी, संध्याकाळसाठी बॅटरी आणि घाटघरसारखी तळी, उष्णतेसाठी पाणी आणि दगड, थंडीसाठी बर्फ, सिंचनासाठी माती, वाईट आठवड्यासाठी लोखंड, खत-पोलादासाठी हायड्रोजन. प्रत्येकाचा पल्ला वेगळा, घट वेगळी, किंमत वेगळी. कोळशाने एकट्याने जे केले ते आता अनेकांनी वाटून करायचे आहे, आणि कोणते काम कुणाला द्यायचे हे ठरवण्यात यापुढची बरीचशी कारागिरी आहे.

यातून सामान्य वाचकाच्या हाती एक कसोटी येते. कुठल्याही नव्या ऊर्जाशोधाची बातमी आली, तर त्याला चार प्रश्न विचारावेत. ही गोष्ट ऊर्जा देते आहे की फक्त एका वेळेकडून दुसऱ्या वेळेकडे नेते आहे? किती काळ नेते? वाटेत किती गळते? आणि ज्या रूपात ती शेवटी लागणार आहे, त्या रूपाच्या ती किती जवळ आहे? पाण्यावर चालणाऱ्या इंजिनाच्या दाव्यासारखे दावे पहिल्याच प्रश्नाला गळून पडतात, कारण पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. त्यातून ऊर्जा काढण्याआधी त्यात ती घालावी लागते. उरलेल्या तीन प्रश्नांनी खऱ्या शोधांची जागा नेमकी ठरते. वाळू वीज देत नाही म्हणून ती कमी ठरत नाही, आणि लिथियम सर्वांत चपळ आहे म्हणून ते सगळीकडे लागत नाही.

एक पाचवा प्रश्नही आहे. त्याचे उत्तर यंत्राजवळ नाही, तो आपण एकमेकांना विचारायचा आहे. या साठवणीची जागा कोण देणार आणि तिचा लाभ कुणाला मिळणार? कोळशाच्या बाबतीत तो विचारायला आपल्याला शंभर वर्षे उशीर झाला. आता विहिरीवर दिवसा आलेली वीज, गावच्या दूध केंद्रातला बर्फ, उपकेंद्रातली सोडियमची बॅटरी अशा साठवणी गावोगाव लहान लहान आकारात करता येतात, आणि त्यांची मालकी गावाकडे, सहकारी संस्थेकडे, शेतकऱ्यांच्या गटाकडे राहू शकते. ही शक्यता कोळशाने कधीच दिली नव्हती. महाराष्ट्राने सहकारातून साखर आणि दूध उभे केले. त्याच ताकदीने ऊर्जेच्या साठवणीकडे पाहायची हीच वेळ आहे, कारण मोठे करार आणि मोठी तळी आज ठरत आहेत, आणि एकदा ठरली की पुढची पन्नास वर्षे तीच राहतील.